मीना-राजू मंचातली मीना नेमकी कोण? ती कुणी घडवली आणि तिला आवाज कुणाचा?

मुखेड असो, कंधार असो की लातूरकडचं जळकोट-उदगीर, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीचे वर्ग असले की 'मीना-राजू मंच' हे नाव कानावर पडतं. मंचाचे कार्यक्रम होतात, एक शिक्षिका किंवा शिक्षक सुगमकर्ता म्हणून काम बघतात, मुली-मुलं नाटुकली बसवतात. पण मीना कोण, असं विचारलं की गोंधळ होतो. शाळेत पूर्वी शिकून गेलेली एखादी हुशार मुलगी, की पुस्तकातली, की समाजसेविका?

मीना ही कार्टूनमधली मुलगी आहे. वय नऊ. तिला राजू नावाचा भाऊ आहे, राणी नावाची तान्ही बहीण आहे, आई-वडील आणि आजी आहेत, लाली नावाची गाय आहे आणि मिठू नावाचा पोपट आहे. ती एका खेड्यात राहते. ते खेडं कोणत्या देशातलं, हे मात्र कुठंच सांगितलेलं नाही. हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून केलेलं आहे.

सुरुवात कुठून झाली?

दक्षिण आशियातल्या देशांच्या 'सार्क' या संघटनेने १९९० हे वर्ष 'बालिका वर्ष' म्हणून जाहीर केलं आणि पाठोपाठ १९९१ ते २००० हे 'बालिका दशक'. घोषणा कागदावर छान दिसते, पण त्या वेळची परिस्थिती काय होती ते पाहा. १९९१च्या जनगणनेत भारतातली स्त्री साक्षरता ३९ टक्क्यांच्या आसपास होती, पुरुषांची ६४. महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा ५२ होता, पण त्यात मुंबई-पुण्याचा वाटा मोठा.

युनिसेफच्या दक्षिण आशियातल्या कार्यालयांपुढे प्रश्न होता की मुलीला शाळेत घाला, मुलाइतकंच जेवायला द्या, लवकर लग्न लावू नका, हे घराघरात सांगायचं कसं? भाषणं, पोस्टर, सरकारी माहितीपट हे सगळं करून झालं होतं. बांगलादेशातल्या युनिसेफ कार्यालयात तेव्हा नील मॅकी हे कॅनडाचे संवादतज्ज्ञ काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने एक बालपात्र तयार करायचं ठरलं, जे भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळ या चारही देशांत चालेल. पात्राच्या घडणीत नुझत शहजादी, मीरा अघी, रेचल कार्नेगी अशा अनेकांचा हात आहे. चित्ररूप देण्याची जबाबदारी आली मुंबईच्या राम मोहन यांच्याकडे.

राम मोहन म्हणजे कोण?

भारतीय ॲनिमेशनच्या गप्पांत हे नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. जन्म १९३१चा, मूळचे केरळचे, कारकीर्द सगळी मुंबईत. फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग सुरू केला, तिथं ते १९५६ साली लागले. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तेव्हा प्रशिक्षण द्यायला भारतात आले होते. त्यांच्या हाताखाली जी पहिली फळी तयार झाली, त्यात मराठी माणूस जी. के. गोखले होते आणि राम मोहनही.

मीनाचं काम आलं तेव्हा ते साठीला टेकले होते. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मधला ॲनिमेशनचा भाग त्यांचाच. त्याच सुमारास जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्यासोबत रामायणावरचा मोठा ॲनिमेशनपट चालू होता, तोही तुम्ही पाहिला असेल. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९मध्ये ते वारले. एवढ्या मोठ्या कामाच्या माणसाची ओळख बांगलादेशातल्या सामान्य माणसाला मात्र एकाच नावाने पटते, मीनाचे चित्रकार.

कार्टूनच का?

खऱ्या मुलीला घेऊन मालिका काढली असती तर काम सोपं झालं असतं, खर्चही बहुधा कमी लागला असता. पण कॅमेऱ्यासमोर खरी मुलगी उभी केली की तिचा चेहरा, तिच्या घराचं छप्पर, आईच्या पदराची ठेवण, सगळं बोलायला लागतं. लाहोरकडचा माणूस म्हणणार ही भारतातली, ढाक्यातला म्हणणार ही पाकिस्तानातली. आपल्याकडे तर नांदेडची मुलगी दाखवली तरी कोकणातल्या माणसाला ती परकी वाटते. रेघांनी काढलेल्या मुलीला असा पत्ता नसतो.

म्हणून मीनाची प्रत्येक गोष्ट बेताने निवडलेली आहे. 'मीना' हे नाव हिंदू घरात चालतं, मुस्लिम घरातही चालतं. बंगाली, नेपाळी, उर्दू, मराठी, कुठल्याही तोंडात ते अडखळत नाही. धर्म ओळखू येईल अशा खुणा टाळल्या. पोशाख पाहणाऱ्याला ओळखीचा वाटावा, पण अमुक एका प्रांताचा म्हणून बोट ठेवता येऊ नये, असा ठेवला. घर मातीचं, अंगणात कोंबड्या, बाजूला झाड.

हे स्टुडिओत बसून ठरलेलं नाही. राम मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली चित्रं घेऊन कार्यकर्ते चारही देशांतल्या खेड्यांत गेले. आयांना, वडिलांना, मुलांना, शिक्षकांना चित्रं दाखवली, गोष्ट ऐकवली आणि विचारलं, ही मुलगी तुमच्या गावातली वाटते का? लोकांनी जे सांगितलं त्याप्रमाणे चित्रं बदलली, गोष्टी बदलल्या. जाहिरातीच्या धंद्यात साबण बाजारात आणण्याआधी अशी विचारपूस होते. सरकारी-निमसरकारी जनजागृतीत ती क्वचितच होते, आणि आपल्याकडची अनेक पोस्टर भिंतीवर का नुसती वाळत पडतात त्याचं कारणही बहुतेक तेच असावं.

सुरुवातीच्या भागांचं ॲनिमेशन 'टॉम अँड जेरी'वाल्या हॅना-बार्बेरा कंपनीच्या मनिला इथल्या फिल-कार्टून्स स्टुडिओत झालं. पुढं काम मुंबईत राम मोहन यांच्या स्टुडिओत आलं.

कोंबड्या मोजणारी मुलगी

पहिल्या गोष्टीत मीना शाळेत जात नाही. राजू जातो. तिला घरची कामं आहेत. मग ती मिठूला शाळेच्या खिडकीशी पाठवते. पोपट तो, ऐकलेलं सगळं पाठ करून येणार. वर्गात जे शिकवलं ते तो मीनाला येऊन म्हणून दाखवतो आणि ती आकडे शिकते. एक दिवस अंगणातल्या कोंबड्या मोजते तर एक कमी. चोरी लक्षात येते, चोर सापडतो, आणि वडिलांना पटतं की पोरीला मोजता येणं म्हणजे घरचा फायदा आहे.

लक्षात घ्या, इथं वडिलांना कुणी हक्कांचं व्याख्यान देत नाही. शेतकऱ्याला समजेल असा हिशेब समोर ठेवलेला आहे. मीनाच्या गोष्टींत बाप दुष्ट नसतो, आजी कजाग नसते. ती माणसं चालत आलेली रीत पुढं चालवत असतात, बस्स. त्यांचा अपमान होत नाही, म्हणून ती ऐकून घेतात.

दुसरी गाजलेली गोष्ट आंब्याची. आंबा झाडावरून मीना काढते, वाटा मात्र राजूला मोठा मिळतो. जेवणाच्या ताटातही तेच. मग एका दिवसासाठी दोघं कामांची अदलाबदल करतात. राजूला पाणी, झाडलोट, जनावरं, लहान बहीण सगळं सांभाळावं लागतं आणि संध्याकाळी बहिणीच्या वाटचं जेवण समोर आलं की त्याला भूक म्हणजे काय ते कळतं. महाराष्ट्रातल्या मंचाच्या नावात 'राजू' का आहे, याचं उत्तर या गोष्टीत आहे.

पुढच्या भागांत हुंडा आला, हगवण लागल्यावर मीठ-साखरेचं पाणी आलं, संडास आणि हात धुणं आलं, अल्पवयात लग्न आलं.

मीनाला आवाज कुणी दिला?

इथं ॲनिमेशनची एक गंमत समजून घ्यायला हवी. आपल्याला वाटतं आधी चित्रं हलतात, मग त्यावर आवाज चढवतात. चांगल्या ॲनिमेशनमध्ये बरेचदा उलटं असतं. आधी कलाकार स्टुडिओत संवाद बोलतात. मग तो आवाज मोजला जातो. कोणतं अक्षर किती वेळ टिकलं, कुठं श्वास घेतला, ते एका तक्त्यावर उतरवतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, तेव्हा एक 'आ' किती चौकटींचा आहे हे चित्रकाराला माहीत हवं. त्याबरहुकूम तो तोंड उघडं-मिटलेलं काढतो. म्हणजे पात्राच्या ओठांची हालचाल आवाजावरून काढलेली असते.

अडचण पुढं येते. ओठ एकदा काढले की काढले. आता तीच चित्रं चार भाषांत न्यायची. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. बाकी अक्षरं ढकलून चालतात, ही पाच पकडली जातात. मराठीत 'मला शाळेत जायचंय' म्हणा. ओठ सुरुवातीलाच मिटले. हिंदीत 'मुझे स्कूल जाना है', तिथंही सुरुवातीला मिटले, म्हणजे जमलं. बंगालीत हेच 'आमी इश्कुले जाबो' होतं. ओठ आधी उघडतात, मग मिटतात, आणि शेवटी 'बो'ला पुन्हा मिटतात. आता ज्याने हिंदीच्या बेताने चित्र काढलं असेल त्यावर बंगाली वाक्य बसवणाऱ्याची कसरत कळून येते. शब्द मागं-पुढं करावे लागतात, एखादं 'अगं', 'बरं का' घुसवावं लागतं, आणि तरीही ती मुलगी त्याच भाषेत जन्मलेली वाटली पाहिजे.

भारतात मीनाचा आवाज म्हणून राजश्री नाथ यांचं नाव घेतलं जातं. बांगलादेशात प्रमिता गांगुली आणि त्यांच्यानंतर फरजाना इस्लाम तिथी यांनी मीना साकारली. म्हणजे चित्र एक आणि मुली अनेक. शीर्षकगीत सुषमा श्रेष्ठ यांच्या आवाजात आहे. नव्वदच्या दशकात 'पूर्णिमा' या नावाने हिंदी सिनेमात गाणाऱ्या त्याच. लहानपणापासून चित्रपटात बालगीतं गायलेला हा गळा इथं पुन्हा लहान मुलीसाठी वापरला गेला.

कार्टूनमधल्या लहान मुलांना बहुतेक वेळा बायकाच आवाज देतात, हे अनेकांना माहीत नसतं. जपानमध्ये 'डोरेमॉन'मधल्या नोबिताला १९७९ ते २००५ नोरिको ओहारा यांचा आवाज होता. शिनचॅन १९९२ ते २०१८ अकिको याजिमा बोलत होत्या. हिंदीतला डोरेमॉन सोनल कौशल यांचा. कारण सरळ आहे. मुलगा तेरा-चौदाचा झाला की आवाज फुटतो आणि मालिका तर वर्षानुवर्षं चालते. शिवाय एकच वाक्य वीस वेळा, प्रत्येक वेळी तेवढ्याच उत्साहाने म्हणणं हे लहान लेकराच्या सहनशक्तीचं काम नव्हे.

मीनाच्या बाबतीत आवाजावर जरा जास्तच भिस्त होती. नऊ वर्षांची पोर आजीला विचारते, राजूला जास्त का? हेच वाक्य जरा वरच्या पट्टीत गेलं की ती उद्धट ठरते. मराठवाड्यातल्या घरात अशा पोरीला लगेच ऐकावं लागतं, "लई बोलायलीस गं!" आणि विषय तिथंच संपतो. फार हळू म्हटलं तर ती बिचारी होते, मग प्रेक्षकाला दया येते, प्रश्न पडत नाही. मीनाला या दोहोंच्या मधून जायचं होतं. तिला खरंच उत्तर हवं आहे, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे.

आणि जे मीनाला म्हणता येत नाही ते मिठू म्हणतो. पोपट आहे, त्याला कोण रागावणार? आपल्या तमाशात राजाला खरं सुनावण्याचं काम सोंगाड्याकडे असतं, तसंच हे. वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायची मुभा नसलेल्या मुलीच्या हातात लेखकांनी एक बोलका पक्षी दिला. मालिकेतली ही सगळ्यात हुशार युक्ती म्हणायला हरकत नाही.

टीव्हीतून शाळेत

दूरदर्शनने मीना दाखवली, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या साथीने तिची रेडिओ मालिकाही झाली. उत्तर प्रदेशात पुढं 'मीना की दुनिया' हा कार्यक्रम शाळेच्या वेळेत आकाशवाणीवरून ऐकवला जाऊ लागला. बांगलादेशात तर २४ सप्टेंबर हा 'मीना दिवस' म्हणून पाळतात.

आपल्याकडे मीना टिकली ती टीव्हीमुळे नव्हे. नव्वदीत केबल आली, मग दिवसभर चालणारी कार्टून चॅनेलं आली, त्यात दहा-पंधरा मिनिटांची, संदेश देणारी मीना मागं पडली. तिला जागा मिळाली शाळेत. उत्तर भारतात 'मीना मंच' सुरू झाले. महाराष्ट्रात युनिसेफ आणि शालेय शिक्षण विभागाच्या कामातून उच्च प्राथमिक शाळांत 'मीना-राजू मंच' आला.

मंचात काय होतं? मीनाच्या गोष्टी वाचून दाखवतात, त्यावर बोलतात, नाटुकली करतात. वर्गातली कुणी सतत गैरहजर असेल तर मंचातल्या मुली सुगमकर्त्यांबरोबर तिच्या घरी जातात. पाळीच्या दिवसांत शाळा का बुडते, यावर बोललं जातं.

आणि इथं आवाजाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. स्टुडिओ नाही, ओठ जुळवायचे नाहीत. गोष्ट जी मुलगी मोठ्याने वाचते तिचाच आवाज मीनाचा. मुखेडच्या पट्ट्यात तो आवाज कधी 'करायलाव, जायलाव' म्हणणारा असतो. देगलूरच्या बाजूला त्यात तेलुगू-कन्नडची लकब येते. तांड्यावरच्या मुलीच्या तोंडी मीना गोरबोलीचा हेल घेऊन बोलते. ज्यांनी मीनाला देश दिला नाही, त्यांना नेमकं हेच हवं होतं.

मग परिस्थिती बदलली का?

शाळेत नाव घालण्यापुरती बरीच बदलली. पहिलीच्या हजेरीपटावर आज मुली असतातच. कोंबड्या मोजायची गोष्ट आता मुखेडमधल्या बापाला सांगावी लागत नाही. अडचण सरकून पुढं गेली आहे, सातवी-आठवी-दहावीच्या वळणावर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांना त्यांच्या लग्नाचं वय विचारलं गेलं. महाराष्ट्रात २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. देशाचा आकडा २३.३. म्हणजे राज्य जेमतेम पुढं. पण नांदेडला लागून असलेल्या परभणीत हा आकडा ४८ टक्के आहे आणि बीडमध्ये ४३.७. परभणीत जवळजवळ दोघींमागे एक.

कारणं मीनाच्या गोष्टीएवढी सरळ नाहीत. मुखेड-कंधारकडच्या तांड्यांवरून, वाड्यांवरून माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर निघायचं, उन्हाळ्यात परतायचं. चौदा वर्षांची मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर नेली तर शाळा सुटते. मागं ठेवली तर आईच्या जिवाला घोर. अशा वेळी 'स्थळ चांगलं आलंय' हे वाक्य घरात सुटकेसारखं येतं. दुसरं कारण अंतराचं. मीनाची शाळा तिच्या गावातच आहे. इथं सातवी-आठवीनंतर हायस्कूल पुढच्या गावात असतं. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मानव विकासच्या निळ्या बसही धावतात, पण बस चुकली किंवा त्या दिवशी आलीच नाही, तर रस्त्यावर थांबलेल्या मुलीची काळजी घरच्यांना लागते आणि चार दिवसांनी शाळेचा विषय निघतो. हे कार्टून सोडवू शकत नाही. त्याला हंगामी वसतिगृहं लागतात, वेळेवर येणारी बस लागते.

कायदा आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ सालचा. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसताना लग्न लावणाऱ्याला, ते ठरवणाऱ्याला, त्याला साथ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना मदत करतात. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कुणीही, अगदी वर्गमैत्रीणसुद्धा, फोन करू शकते. त्याला पैसे लागत नाहीत.

पण फोन करणं ही गावात साधी गोष्ट नसते. मुलीचे वडील आणि फोन करणारीचे वडील एकाच पारावर बसणारे असतात. म्हणून मंचात फोनच्या आधीची पायरी शिकवतात. मुलगी आठ दिवस वर्गात दिसली नाही की दोघी-तिघींनी मॅडमसोबत तिच्या घरी जायचं. दारातून "तिचं लग्न करायलाव का?" असं विचारायचं नाही. ती आजारी आहे का, तिच्या वह्या आणून देऊ का, परीक्षा कधी आहे हे तिला माहीत आहे का, असं विचारायचं. घरातून काय उत्तर येतं ते नीट ऐकायचं. मग नाटुकलीच्या तासाला एक मुलगी आई होते, एक आजी, एक गैरहजर मैत्रीण, एक मीना, आणि मीनाचं काम कुणी करायचं यावरून वर्गात थोडी भांडणं होतात.